‘गुन्हा कबूल कर, सुटशील’ या सल्ल्यावर सही करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ वीस वर्षांचा. दोन मित्रांबरोबर एका ठेकेदाराच्या उघड्या यार्डातून तांब्याची वायर उचलली, किंमत १८,००० रुपयांच्या आसपास. वायर पोलिसांनी जप्त केली. आधीची एकही केस नाही. सात महिने झाले, आत आहे. जामीन दुसऱ्याच महिन्यात मंजूर झाला, पण १५,००० चा जामीनदार उभा राहिना. आता वकील म्हणतात, गुन्हा कबूल करू दे, भोगली तेवढी शिक्षा धरून कोर्ट सोडून देईल. बहीण विचारते आहे की तुरुंगाऐवजी दुसरं काही असतं का, आणि सुटून आल्यावर या मुलाचं काय?

ताई, वकिलांचा सल्ला वाईट हेतूने दिलेला नाही. तो सोपा आहे आणि पोरगं आठ-पंधरा दिवसांत घरी येईल हेही खरं. पण ‘भोगलेली शिक्षा’ हीसुद्धा शिक्षाच असते. कागदावर तो तुरुंगवास भोगलेला दोषसिद्ध माणूस होतो. उद्या कुठल्याही भांडणात नाव आलं तर ‘पहिलाच गुन्हा’ हे वाक्य त्याच्यासाठी कुणी उच्चारू शकणार नाही, आणि आपल्याकडे सवलतीची जवळजवळ सगळी दारं त्या एका वाक्यावर उघडतात. कोर्टात आणि तुरुंगात या मुलांबरोबर काम करताना मला सर्वांत जास्त चीड येते ती याची: घाईघाईत कबुली देऊन सुटलेला मुलगा दोन वर्षांनी परत आत भेटतो, तेव्हा त्याच्यासाठी मागण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

म्हणून आधी जामीन. तो मंजूर आहे, हे विसरू नका. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ७५.८ टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. त्यातले कितीतरी तुमच्या भावासारखे फक्त जामीनदाराअभावी बसलेले असतात. सर्वोच्च न्यायालयासमोर १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं होतं. त्याच्याकडे १०,००० चा जामीन मागितला होता आणि भाऊ जामीनदार राहायला तयार असताना, तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या निकालात गरिबाला परवडणार नाही असा जामीन म्हणजे जामीन नाकारणंच, हे स्पष्ट केलं. पुढे ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात याच न्यायालयाने सांगितलं की जामीन मंजूर होऊन महिन्याभरात जामीनदार देता आला नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, असंही त्यात आहे.

कोर्ट ‘स्वतःहून’ करेल याची वाट पाहत मात्र बसायचं नाही. अर्ज द्यायचा: जामीनदाराऐवजी वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सोडावं, नाहीतर रक्कम कमी करून रोख भरू द्यावी. तुमचा वकील वेळ देत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तिथेच गरीब बंद्यांसाठीच्या २०२३ च्या केंद्रीय योजनेबद्दल विचारा. जामीन होऊनही पैशांअभावी सुटू न शकलेल्या न्यायाधीन बंद्यासाठी जिल्हा समिती ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मंजूर करू शकते. योजना कागदावर चांगली आहे. समितीची बैठक कधी होते, हे मात्र तुम्हालाच चार वेळा जाऊन विचारावं लागेल.

जोडीला नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक, जामीन आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याचं, कलम ४७९ लक्षात ठेवा. पहिलाच गुन्हा असलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं, आणि त्यासाठी अर्ज करणं ही तुरुंग अधीक्षकाची जबाबदारी आहे. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं. म्हणजे बारा महिने पूर्ण झाले की हा हक्क लागू. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तर, तो मिळत नाही. भाऊ तिथवर पोचू नये हेच बरं, पण तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता तुरुंगाऐवजी काय. हल्ली सगळेच सामुदायिक सेवेबद्दल विचारतात, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत (गुन्हे आणि शिक्षा ठरवणारा, जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) ती पहिल्यांदा शिक्षा म्हणून आली. ती मोजक्या सहा गुन्ह्यांपुरतीच आहे. चोरीसाठी मिळायची तर माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा, चोरी पहिलीच आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली हवी. तुमच्या भावाची वायर १८,००० ची, त्यामुळे हे दार बंद. फार वाईट वाटून घेऊ नका. कुठे काम करायचं, हजेरी कोण घेणार, बिनपगारी कामाचे तास कसे मोजायचे याची घडी अजून ठिकठिकाणी बसते आहे.

दुसरा मार्ग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: तडजोड. साधी चोरी तडजोडयोग्य गुन्ह्यांत मोडते आणि वस्तूचा मालक ती करू शकतो. तडजोड कोर्टात नोंदली गेली की परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच. आरोपपत्रात नेमकी कोणती कलमं लावली आहेत ते आधी वकिलाकडून वाचून घ्या, कारण घरफोडीचं कलम जोडलं असेल तर हिशेब बदलतो. वायर परत मिळाली असेल तर ठेकेदाराला तारखांना येण्यात काडीचा रस नसतो. त्याच्याकडे एकट्याने जा, फार तर त्याच्या ओळखीचा एखादा वडीलधारा बरोबर घ्या. गल्लीतली दहा माणसं घेऊन गेलात तर तो दबाव ठरतो आणि तक्रार झाली तर जामीनही धोक्यात येतो. नुकसान झालं असेल, दोन दिवस काम बंद पडलं असेल, तर ते विचारा आणि भरून द्या. त्याचा राग ऐकून घ्यावा लागेल. त्याला भावाशी बोलायचं नसेल तर आग्रह धरू नका. आरोपी आणि फिर्यादीला समोरासमोर बसवून गहिवर आणण्याची हौस हल्ली काही संस्थांना असते. फिर्यादी त्या नाटकातलं पात्र नसतो.

तडजोड जमली नाही आणि भावाने खरोखर चोरी केली असेल, तर मग प्रोबेशन, म्हणजे परिवीक्षा: दोषी ठरूनही तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं. (केली नसेल तर कबुलीचा विषयच नको. केस लढवा.) परिवीक्षेचा कायदा १९५८ चा आहे आणि बहुतेक घरांना तो निकाल लागून गेल्यावर कळतो. त्याच्या कलम ३ खाली चोरीसारख्या गुन्ह्यात पहिल्या वेळी नुसती समज देऊन सोडता येतं. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. आणि तुमच्या भावासाठी सगळ्यात मोलाचं कलम ६: एकवीस वर्षांखालच्या दोषीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, प्रोबेशन का देत नाही याची कारणं लेखी नोंदवल्याशिवाय कोर्टाला तुरुंगात पाठवताच येत नाही. त्यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवणंही बंधनकारक. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरत नाहीत, खालचं कोर्ट निकाल देतं त्या दिवशीचं धरतात. भावाला एकविसावं कधी पूर्ण होतं ते बघा आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. एकवीस उलटलं तरी कलम ३ आणि ४ राहतातच, फक्त मग ते कोर्टाच्या मर्जीवर.

कबुली देऊन ‘भोगलेली शिक्षा’ घेणं आणि कबुली देऊन प्रोबेशन मागणं यात घरच्यांना फरक दिसत नाही, कारण दोन्हीत पोरगं घरी येतं. फरक कलम १२ मध्ये आहे. प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. ते कलम दोष पुसून टाकत नाही, हेही नीट समजून घ्या. सरकारी नोकरीतल्या माणसाची त्याच कृत्याबद्दल खातेनिहाय चौकशी होऊ शकते, न्यायालयांनी हे वारंवार सांगितलं आहे. पण वीस वर्षांच्या मुलाला पुढचं आयुष्य उभं करायला हा फरक पुरेसा मोठा आहे.

प्रोबेशन मिळेल की नाही, हे बहुतेक वेळा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावर ठरतं. वकिलाचं भाषण त्यापुढे फिकं पडतं. आपल्या राज्यात हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाचे असतात, तालुके मोठे, माणसं कमी, त्यांच्याकडे मुलांच्या संस्थांची कामंही असतात. म्हणून अहवाल रखडतो, आणि अहवाल नाही म्हणून कोर्ट तारीख देतं किंवा सरळ शिक्षा देतं. वकिलांनी कलम ६ खाली अहवाल मागवण्याचा लेखी अर्ज दिला की त्याच आठवड्यात त्या कार्यालयात जाऊन पत्र पोचलं का ते बघा. तुमचा पत्ता, फोन आणि घराची खूण देऊन या. अधिकारी दुपारी येऊन कुलूप बघून परत गेले, असं फार वेळा होतं.

गृहचौकशीत ते काय बघतात? घरात कोण, कमावतं कोण, शाळा कुठे सुटली, व्यसन काय, शेजारी काय म्हणतात. मी एका घरी अधिकाऱ्यांबरोबर बसले होते. आई सांगत होती, माझा मुलगा तसा नाही हो, मित्रांनी नादाला लावलं. अधिकारी मान हलवत होते, लिहीत काहीच नव्हते. हे वाक्य त्यांनी प्रत्येक घरात ऐकलेलं असतं. मग कोपऱ्यात बसलेला मामा म्हणाला, माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, सकाळी नऊला माझ्याकडे बसेल, पगार आठवड्याला देईन, त्यातले अर्धे याच्या आईच्या हातात. दुकानाचा परवाना दाखवला. अधिकाऱ्यांनी पेन उघडलं ते तिथे. दुकानाचं नाव, पत्ता, कामाची वेळ, पगार, सगळं उतरवून घेतलं. त्या अहवालात मुलाच्या स्वभावाबद्दल दोन ओळी होत्या आणि मामाच्या दुकानाबद्दल अख्खा परिच्छेद.

तुमच्याकडेही असा मामा शोधावा लागेल. नात्यातलाच हवा असं नाही, पण सकाळी मुलगा कुठे जाणार आणि तो आला नाही तर फोन कोण करणार, या दोन प्रश्नांना नावासकट उत्तर हवं. दारू किंवा नशेची सवय असेल तर लपवू नका. उपचाराची जागा ठरवून सांगा. लपवलेलं व्यसन शेजाऱ्याकडून कळलं की बाकीच्या अहवालावरचा विश्वास उडतो.

प्रोबेशन म्हणजे मोकळीक नव्हे, हे भावाला आधी सांगा. देखरेखीचा आदेश झाला तर तो किमान एक वर्षाचा असतो. ठरल्या दिवशी अधिकाऱ्याकडे जायचं, पत्ता बदलायचा तर कळवायचं, ज्यांच्याबरोबर फिरू नको म्हटलंय त्यांच्याबरोबर फिरायचं नाही. कलम ५ खाली ठेकेदाराला भरपाई द्यायला कोर्ट सांगू शकतं. अट पहिल्यांदा मोडली तर ५० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो (१९५८ चे पन्नास रुपये अजून पन्नासच आहेत), पण कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षाही सुनावू शकतं. आणि ही वाट सगळ्यांसाठी नसते. ज्याने घरच्याच बाईला मारलं आहे, त्याला त्याच घरच्या पत्त्यावर प्रोबेशन देणं म्हणजे शिक्षा तिच्या वाट्याला देणं. टोळीतल्या मुलाला त्याच गल्लीत परत आणणंही धोक्याचं, आधी दुसऱ्या गावी राहण्याची सोय लागते.

आता सुटून आल्यावर. माझ्या अनुभवात पहिले दोन-तीन आठवडे काय होतं, यावर पुढचं पुष्कळ ठरतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरचे सत्कार, नवस आणि उपदेश यांत गुंतलेले असतात.

सुटकेचा आदेश तुरुंगात वेळेत पोचला तर सुटका साधारण संध्याकाळी होते. घ्यायला कुणीतरी दारावर हवंच. तुम्ही नसलात तर दुसरं कुणी असतं: आत ओळख झालेल्यांचे मित्र, गाडी घेऊन. ते प्रेमाने जेवायला नेतात, खिशात दोन हजार ठेवतात, आणि पंधरा दिवसांनी एक छोटं काम सांगतात. यात कसलाही फिल्मीपणा नाही, इतकं साधं असतं ते. भावाबरोबर पकडलेले दोन मित्रही सुटतील. त्यांच्याशी बोलायचंच नाही, अशी शपथ घालू नका, मोडेल. सकाळी नऊची वेळ भरलेली असली की संध्याकाळचे मित्र आपोआप कमी होतात.

एक आजच करण्यासारखं काम: त्याचं सिमकार्ड. काही महिने रिचार्ज झाला नाही की नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. मग बँक, आधार, गॅस, सगळ्यांचे ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर. सुटलेला मुलगा पगार घ्यायला खातं उघडू शकत नाही, कारण आधारला जोडलेला नंबर आता कुणा अनोळखी माणसाचा आहे. फोन पोलिसांनी जप्त केला असेल तर तो परत मिळण्याचा अर्ज कोर्टात करा. नंबर बंद झाला असेल तर सुटल्यावर पहिलं काम आधार केंद्र.

घरात तो चिडचिडा वाटेल. आत संध्याकाळी सहाच्या सुमारास बराकी बंद होतात आणि जेवण त्याआधी, त्यामुळे पाचलाच भूक लागते आणि रात्री दहाला तुम्ही पान वाढता तेव्हा नको असतं. सकाळच्या गिनतीची सवय पहाटे उठवते. दार बंद झाल्याच्या आवाजाने काही मुलं दचकतात, तर काहींना दार उघडं ठेवून झोप येत नाही. यावर उपाय शोधू नका, काही आठवड्यांत उतरतं. उतरलं नाही, झोपच येईना, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा.

शिक्षा भोगून आलेल्या मोठ्या माणसांच्या बाबतीत अडचण वेगळी असते, आणि तुमच्यासारखे प्रश्न विचारणाऱ्यांत त्यांच्या बायकाही असतात म्हणून लिहिते. आठ-दहा वर्षांत घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. बायको बचत गटाचा व्यवहार बघते, मुलगी कॉलेजात जाते, निर्णय झालेले असतात. तो येतो आणि घरधनी व्हायला बघतो. भांडण पैशांवरून दिसतं, मूळ तिथे असतं. संचित रजा आणि अभिवचन रजा (आपण ज्याला फर्लो आणि पॅरोल म्हणतो) या त्यासाठी उपयोगी पडतात. माणूस मधूनमधून घरी येत राहिला तर त्याला बदल हप्त्याहप्त्याने दिसतो. खुल्या तुरुंगांतून येणाऱ्यांना परतणं त्यातल्या त्यात सोपं जातं. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची वसाहत औंध संस्थानाने १९३९ मध्ये उभी केली, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून. भिंत नाही, शेती करायची, कुटुंब बरोबर ठेवता येतं. जयपूरजवळ सांगानेरच्या खुल्या शिबिरात १९६३ पासून बंदी कुटुंबासह राहतात, दिवसा गावात कामाला जातात आणि स्वतःचं घर स्वतः चालवतात. इतका जुना आणि स्वस्त प्रयोग आपण अजून मूठभर जागांपुरता का ठेवला आहे, याचं समाधानकारक उत्तर मला कुठल्याही अधिकाऱ्याकडून मिळालेलं नाही. येरवड्यात शिक्षा भोगणाऱ्यांसाठी राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये ‘जिव्हाळा’ कर्ज सुरू केलं, ५०,००० रुपयांपर्यंत, आतल्या कामाच्या मजुरीतून फेडायचं. मला ते आवडतं ते रकमेसाठी नव्हे. आत बसलेला बाप मुलीची फी भरतो, आणि घरात त्याची जागा थोडी शाबूत राहते.

परत भावाकडे येते. भागात चोरी झाली की पोलीस त्याला बोलावतील. सुटल्यावर लगेच एखाद्या प्रतिष्ठित माणसाला बरोबर घेऊन ठाण्यात जा, प्रोबेशनच्या आदेशाची प्रत आणि कामाच्या जागेचा पत्ता देऊन या. पुढे बोलावणं आलं तर त्याला एकट्याला पाठवू नका. पारधी किंवा इतर विमुक्त (पूर्वी कायद्यानेच जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या) समाजातल्या मुलांना हे कितीतरी जास्त सोसावं लागतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय गेला नाही. तुरुंगांच्या नियमावल्यांतला तसा उल्लेख आणि जातीवर आधारलेली कामवाटणी सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द करावी लागली. तुमचं कुटुंब त्यातलं असेल तर पहिल्या बोलावण्यापासून विधी सेवा प्राधिकरणाला लेखी कळवत राहा.

नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. फॉर्मवर ‘गुन्हा दाखल झाला होता का’ असं विचारलं असेल तर खरं लिहायचं. गुन्ह्यापेक्षा तो लपवल्यामुळे नोकरी गेलेली माणसं मी जास्त पाहिली आहेत. छोट्या मालकाला तर आधीच सांगून टाकावं, आणि ते भावाने स्वतः सांगावं, तुम्ही नाही. आदेशाच्या प्रमाणित प्रती निकालाच्या दिवशीच तीन-चार काढून घ्या. दोन वर्षांनी अभिलेख कक्षातून तोच कागद काढायला मजुरीचे किती दिवस बुडतात, ते तिथल्या बाकावर बसलेल्यांना विचारा.